पंख किती वाकावा?

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या मंडपात दिलेलं हे व्याख्यान. संपादक मंडळाने मागितलं म्हणून बोललो तसंच लिहून दिलं आहे. शेवटी एक छोटी टीप जोडली आहे.)



आत्ता माझा परिचय देताना ‘रेल्वेतले मोठे इंजिनियर’ असं म्हटलं गेलं. त्यात आधी दुरुस्ती करतो. मी डिप्लोमावाला माणूस. पुलांच्या देखभालीवर सीनियर सेक्शन इंजिनियर आहे. मोठे साहेब नकाशावर सही करतात, मी गर्डरखाली पालथा पडून रिव्हेट ठोकून पाहतो आणि ढिला आहे की घट्ट ते आवाजावरून सांगतो. विमानाशी माझा नोकरीचा संबंध शून्य. आर. के. पुरममध्ये राहणाऱ्या कुणाचाही असतो तेवढाच, म्हणजे पालमला उतरणारी विमानं डोक्यावरून जातात आणि टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो.

मग मी या विषयावर का बोलतोय? कारण आई.

तीन वर्षांपूर्वी आईला पहिल्यांदा विमानाने पुण्याला नेलं. आमचं आयुष्य निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस पकडण्यात गेलेलं. पण तिचे गुडघे आता वरच्या पायऱ्या चढू देत नाहीत. हौसेने खिडकी दिली, ती नेमकी पंखावरची निघाली. अर्ध्या तासाने ढगात विमान हलायला लागलं, तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “अरे, तो पंख बघ. वरखाली होतोय. मोडणार नाही ना रे?”

मी म्हटलं, “नाही गं आई, तो तसाच असतो.”

ती म्हणाली, “तुला काय माहीत? तू पुलाचा माणूस.”

बरोबर होतं तिचं. मला माहीत नव्हतं. मी आपला धीर द्यायला बोललो होतो. परत आल्यावर ते डोक्यातून जाईना. माझी मुलगी एरोनॉटिकल इंजिनियरिंगला आहे, तिची पुस्तकं चाळायला सुरुवात केली. तिच्या लॅपटॉपवर पंखाची मॉडेलं बघितली. आणि लक्षात आलं की हे तर माझ्याच घरातलं प्रकरण आहे, फक्त अंगावर वेगळे कपडे आहेत.

ही माझ्या हातात स्टीलची एक फूटपट्टी आहे. टेबलाच्या कडेला हिचं एक टोक दाबून धरतो आणि अर्धी बाहेर काढतो. टोकावर बोट ठेवलं, थोडी वाकली. आता जवळजवळ सगळी बाहेर काढतो. तेवढंच बोट, तेवढाच जोर. बघा किती झुकली. मागच्यांनाही दिसलं असेल. लांबी दुप्पट केली तर झुकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. एका टोकाला धरलेल्या, दुसऱ्या टोकाला अधांतरी असलेल्या अशा तुळईला आम्ही कॅंटिलिव्हर म्हणतो. आपल्या क्वार्टरचा छज्जा तोच, रेल्वेच्या विजेच्या तारा धरणारा खांबावरचा हात तोच, आणि विमानाचा पंखही तोच. फरक इतकाच की छज्ज्यावर वजन वरून खाली येतं आणि उडत्या पंखावर हवा खालून वर जोर लावते. म्हणजे पंख हा उलटा छज्जा.

आई बसली होती तसलं विमान भरल्यावर पंचाहत्तर टनांच्या आसपास भरतं. आपले दोन एलएचबी डबे धरा. हे सगळं वजन दोन पंखांनी मिळून उचलायचं, म्हणजे प्रत्येकी सदतीस-अडतीस टन. ते फक्त शांत हवेत. प्रवासी विमानाचा पंख याच्या अडीच पट भार आला तरी कायमचा वाकता कामा नये, असा नियम आहे. आणि त्या अडीच पटीच्या आणखी दीडपट भाराखाली तो किमान तीन सेकंद तरी टिकला पाहिजे. अडीच गुणिले दीड, म्हणजे पावणेचार पट. आई, तू ऐकते आहेस ना? पावणेचार पट.

आता तुम्ही म्हणाल, दीडच का? तीन ठेवा, चार ठेवा, जिवाचा प्रश्न आहे. मलाही आधी असंच वाटलं. आमच्याकडे पुलाच्या कामात संशय आला की एक अँगल जास्त लावतात, कुणी विचारत नाही. यमुनेवरचा आपला जुना लोहे का पुल घ्या. १८६६ साली बांधून झाला, बारा गाळे, एकेक गाळा २०२ फुटांचा. तेव्हाची इंजिनं आजच्या मानाने खेळण्यातली. पुढे जड गाड्या आल्या, पूर आले, वेग कमी करावा लागला, पण दीडशे वर्षं त्या पुलाने गाड्या वाहिल्या. पुलाच्या पोटात जास्तीचं लोखंड घातलं तरी त्याचा खर्च एकदाच होतो. नदी त्या वजनाचं भाडं मागत नाही.

विमान मागतं. पंखात घातलेला प्रत्येक जास्तीचा किलो पुढची वीस-पंचवीस वर्षं रोज इंधन जाळून वर न्यावा लागतो. तो किलो उचलायला पंख जरा मोठा हवा, मोठा पंख जरा जड, आणि ते जडपण उचलायला आणखी थोडा पंख. हे चक्र फार वाईट. म्हणून विमानवाल्यांचा सगळा जीव एका प्रश्नात अडकलेला असतो. पंख पुरेसा मजबूत तर हवा, पण त्याहून एक ग्रॅमही जास्त नको. यालाच ते ऑप्टिमायझेशन म्हणतात. साध्या मराठीत, अंथरूण पाहून पाय पसरणं नव्हे, तर पाय मोजून अंथरूण बेतणं.

यात एक मजेशीर भांडण आहे. हवेचा अभ्यास करणाऱ्याला पंख लांब आणि पातळ हवा असतो, कारण लांब पंखाला हवेचा अडथळा कमी होतो. बांधणी करणाऱ्याला तोच पंख आखूड आणि जाड हवा असतो. फूटपट्टीचं आत्ता पाहिलंत. जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल नावाचे प्राध्यापक होते, पंखाच्या शास्त्राचे भीष्माचार्यच म्हणा. ठरावीक लांबीच्या पंखाला सर्वांत कमी अडथळा कसा होईल, हे त्यांनी आधीच सोडवलं होतं. १९३३ साली त्यांनी प्रश्नच बदलला. लांबी ठरलेली नसून पंखाच्या कण्यासाठी किती वजन खर्च करायचं ते ठरलेलं आहे असं धरलं, तर काय होईल? उत्तर असं आलं की हवेची उचल मुळाकडे जास्त घ्या, टोकाकडे बेताची ठेवा आणि पंख २२ टक्के लांब करा. कण्याचं वजन तेवढंच राहतं, उचल तेवढीच राहते, आणि अडथळा ११ टक्क्यांनी घटतो. मला ही गोष्ट फार आवडली. गणित तेच, पण जमाखर्चात वजनाचं खातं उघडल्याबरोबर उत्तर पालटलं.

आणि याच प्रांट्लच्या हाताखाली त्याच दशकात एक मराठी माणूस डॉक्टरेट करत होता. विष्णु माधव घाटगे, जन्म १९०८, कोल्हापूर जिल्ह्यातलं हसूर गाव. परत येऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानविद्या शिकवली आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान आखलं. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडालं. स्वतंत्र भारताने स्वतः आखून बांधलेलं, सगळं धातूचं विमान. नंतर किरण हे जेटही त्यांच्याच काळातलं. आपल्या मुलांना तळपद्यांच्या विमानाची गोष्ट सांगितली जाते, ज्याचा भक्कम पुरावा कुणाच्या हाती नाही. आणि ज्यांच्या विमानांवर हवाई दलाच्या कित्येक तुकड्या उडायला शिकल्या, त्या घाटग्यांचं नाव या मंडपात किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन. त्यातली एक माझी मुलगी.

एचटी-२ च्या काळात पंखाचं गणित स्लाइड रूल आणि कागदावर व्हायचं. पंखाच्या आत असतं काय? मुळापासून टोकापर्यंत जाणारे एक-दोन कणे, त्यांना स्पार म्हणतात. त्यांना आडव्या फासळ्या, वरखाली पत्र्याची कातडी, आणि कातडीला आतून बारीक पट्ट्या. सगळं मिळून एक लांबट पेटी तयार होते. सरळ, लांब पंख असला तर ही पेटी म्हणजे तुळई समजून हाताने गणित सुटतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही तेच करायचो. गणितात बसत नव्हता तो समोशासारखा त्रिकोणी पंख, ज्याला डेल्टा म्हणतात. त्यात तुळई कुठली आणि आडवं काय तेच कळत नाही.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीत टर्नर नावाचे गृहस्थ याच डेल्टा पंखाशी झुंजत होते. गणित आणि प्रयोग काही जुळेना. उन्हाळी सुट्टीत त्यांच्याकडे क्लफ नावाचे एक प्राध्यापक कामाला आले. हे कोण? सिव्हिलवाले! आमचे जातभाई. त्यांनी मिळून काय केलं, तर पंखाच्या कातडीचे कल्पनेतच लहान लहान त्रिकोण आणि चौकोन पाडले. प्रत्येक तुकडा किती ताठ आहे ते काढलं. मग तुकडे जिथे कोपऱ्याला कोपरा मिळतात त्या प्रत्येक बिंदूवर दोन अटी घातल्या. तिथले सगळे जोर जुळले पाहिजेत, आणि शेजारचे तुकडे एकत्रच हलले पाहिजेत, फट पडता कामा नये. जाळीच्या गर्डरचा एकेक सांधा सोडवतो त्याच हिशेबाचं हे भावंड आहे. फक्त गर्डरला चाळीस सांधे असतात आणि इथे हजारो, पुढे लाखो. माणसाच्या हाताने ते होणार नाही, पण तोवर संगणक आला होता. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा लेख १९५६ साली छापून आला. १९६० साली क्लफनी या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ असं नाव दिलं. आज पूल, धरण, मोबाइलचं कव्हर, माणसाचा कृत्रिम खुबा, सगळं याच पद्धतीने तपासतात.

त्याच १९६० साली श्मिट नावाच्या अमेरिकन माणसाने पुढचं पाऊल टाकलं. इतके दिवस संगणक फक्त ‘हे टिकेल की नाही’ एवढंच सांगत होता. श्मिटने त्यालाच विचारलं, ‘मग सर्वांत हलकं कुठलं?’ त्याचं उदाहरण अगदी साधं होतं. तीन दांड्यांची एक कैची. आम्हा लोकांची समजूत अशी की प्रत्येक दांडी तिच्या ताकदीच्या काठापर्यंत वापरली, कुणीच रिकामं बसलं नाही, की ती रचना सर्वांत हलकी. दोन वेगवेगळ्या बाजूंनी भार येणार असेल तर हे खरं नाही, असं श्मिटने दाखवून दिलं. सर्वांत हलक्या कैचीतली एक दांडी कधीच पूर्ण ताणली जात नाही. ती थोडी निवांत असते म्हणूनच बाकीच्या दोन बारीक करता येतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ आठवले, पण नाव सांगत नाही. ते हल्ली इथेच वर्गणी देतात.

आता एक कबुली. कार्यकारिणीतल्या जुन्या लोकांना ही गोष्ट माहीत आहे आणि ते आत्ताच हसायला लागले आहेत.

सहा-सात वर्षांपूर्वी आपली प्रवेश कमान मी आखली होती. टेंटवाल्याने पाईपांचं जे भाडं सांगितलं ते ऐकून आमच्या खजिनदार काकांना घाम फुटला. मी म्हटलं, काळजी करू नका. घरी संगणकावर कमानीचं मॉडेल केलं. कमानीचं वजन, कापड, दिव्यांच्या माळा, समोरून येणारा वारा, सगळं घातलं. मग एकेक पाईप काढून बघत गेलो. चव्वेचाळीस पाईपांचे एकोणतीस झाले. प्रत्येक पाईप नव्वद टक्के कामाला लागलेला. मला इतका आनंद झाला की तो कागद मी काकांना फ्रेम करून देणार होतो. टेंटवाला म्हणाला, “साहब, बाजू में दो बल्ली और लगा लो.” मी त्याला हिरवे, पिवळे, लाल रंग दाखवले. लाल कुठेच नव्हता.

तिसऱ्या रात्री वादळी पाऊस आला आणि कमान बाजूला मोडून रस्त्यावर पडली. साडेअकरा वाजले होते, कुणी नव्हतं. त्याच कमानीखाली रात्री नऊ वाजता फॅन्सी ड्रेसची बत्तीस मुलं ओळीने उभी होती. माझी मुलगी त्यात होती, झाशीची राणी.

नंतर मी प्रत्येक पाईप तपासला. मॉडेलमध्ये चूक नव्हती. मी त्याला जे सांगितलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. मी काय सांगितलं नव्हतं? दुसऱ्या दिवशी कुणीतरी एका जाहिरातदाराचा मोठा फ्लेक्स कमानीच्या बाजूच्या अंगाला बांधला होता. त्याने बाजूचा वारा शिडासारखा धरला, आणि मी वारा घातला होता फक्त समोरून. शिवाय डावीकडचा एक दाबातला पाईप आधीच जरासा वाकलेला होता, भाड्याचा माल, शंभर मंडप बघून आलेला. माझ्या संगणकातले सगळे पाईप मात्र सुतासारखे सरळ होते. चव्वेचाळीस पाईप असते तर हे दोन्ही पचून गेलं असतं आणि मला कधी कळलंही नसतं. जे पंधरा पाईप मी फुकट बसलेत म्हणून काढले, ते मला माहीत नसलेल्या गोष्टींचा भार घ्यायला उभे होते. काटकसर करण्यात चूक नाही. पण काटकसर केली की मॉडेलला सांगायच्या गोष्टींची यादी वाढते, ती मी वाढवली नाही. तेव्हापासून कमानीचं काम टेंटवाला त्याच्या अंदाजाने करतो आणि मी फक्त बिल बघतो.

म्हणून विमानवाले गणितावर थांबत नाहीत. पूर्ण विमान जमिनीवर लोखंडी सांगाड्यात बांधून पंख जॅकने वर ओढतात. मोडेपर्यंत ओढायचा की दीडपटीला थांबायचं, ते ज्याचं त्याचं धोरण. १९९५ च्या जानेवारीत बोइंगने ७७७ चा पंख असाच ओढला. टोक २४ फूट वर गेलं होतं, म्हणजे आपल्या दुमजली क्वार्टरएवढं, आणि ठरलेल्या भाराच्या १५४ टक्क्यांवर पंख मोडला. हवे होते १५०. आई, तू खिडकीतून पाहिलंस ते हात-दोन हातांचं हलणं होतं.

उलटही झालं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये तुलूझला एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाचा पंख १५० ऐवजी १४५ टक्क्यांच्या पुढे दोन इंजिनांच्या मधे मोडला. एवढ्या अवाढव्य विमानात चूक जेमतेम तीन टक्क्यांची. माझी कमान आठवली की मला या माणसांच्या पाया पडावंसं वाटतं. सुमारे तीस किलोचं मजबुतीकरण घालून तो प्रश्न त्यांनी मिटवला.

पण गंमत पुढे आहे. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये क्वांटासच्या एका ए-३८० चं इंजिन हवेत फुटलं. सगळे वाचले. त्याच्या पंखाची दुरुस्ती करताना लोकांना आत बारीक चिरा दिसल्या, आणि त्यांचा फुटलेल्या इंजिनाशी काही संबंध नव्हता. फासळी आणि कातडी जोडणाऱ्या छोट्या कोनपट्ट्यांना त्या पडल्या होत्या. २०१२ साली सगळ्या ए-३८० विमानांचे पंख उघडून तपासावे लागले. कारणं दोन निघाली. वापरलेला मिश्रधातू जरा ठिसूळ होता, आणि जोडणीच्या वेळी फासळी नि कातडीमधली फट बोल्ट आवळून बळेच मिटवली गेली होती. म्हणजे विमान जमिनीवरून उठण्याआधीच त्या पट्ट्यांत ताण कोंडलेला होता. मॉडेलमध्ये दोन भाग नेहमी नीट जुळतात. कारखान्यात जुळत नाहीत. आमच्याकडे गर्डरची भोकं जुळली नाहीत तर फिटर लोक ड्रिफ्ट ठोकून ती ओढून घ्यायला बघतात, आणि माझी अर्धी नोकरी त्यांना “अरे, ठोकू नकोस, भोक रीम कर” असं ओरडण्यात गेली. मोठ्या कंपन्यांतही तेच चालतं हे वाचून वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं.

नुसत्या ताकदीने भागतही नाही. गाडीचा डबा ठरावीक वेगाच्या पुढे गेला की रुळावर डावी-उजवीकडे नागमोडी झुलायला लागतो, त्याला हंटिंग म्हणतात. लखनौचे आरडीएसओवाले नवीन डबा आला की त्यासाठीच चाचण्या घेतात. पंखाचंही तसंच आहे. एका वेगाला त्याचं वाकणं आणि पिळणं एकमेकांच्या ताला-सुरात येतं, हवा त्याला झोके देत सुटते आणि काही सेकंदांत पंख फाटू शकतो. याला फ्लटर म्हणतात. तिथे पत्रा जाड करून उपयोग होईलच असं नाही. वजन कुठे ठेवलंय ते महत्त्वाचं. इंजिन पंखाच्या पुढे काढून टांगण्यामागे हाही एक विचार असतो. आणि पंखाच्या पोटात इंधन भरण्यामागे दुसरा. हवा वर ढकलते, इंधनाचं वजन खाली ओढतं, मुळावरचा जोर तेवढा हलका होतो.

दिल्लीशी जोडलेली एक जुनी आठवण सांगतो, जरा दुःखद आहे. २ मे १९५३. कॉमेट हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान सेवेत येऊन त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. सिंगापूरहून लंडनला जाणारं एक कॉमेट कलकत्त्याला दमदमहून उडालं. पुढचा थांबा आपलं पालम. सहा मिनिटांनी काळवैशाखीच्या वादळात हुगळी जिल्ह्यात त्याचे तुकडे झाले. ४३ माणसं गेली. वादळात विमानाची बांधणीच मोडली, असं चौकशीत ठरलं. पुढच्या वर्षी भूमध्य समुद्रावर आणखी दोन कॉमेट पडली, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून दाबाचे हजारो फेरे दिले गेले. धातू थकतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. रेल्वेला हे शंभर वर्षं आधीपासून ठाऊक होतं. तुटणाऱ्या आसांवरून जर्मनीत व्होलर या रेल्वे इंजिनियरने थकव्याचा अभ्यास सुरू केला होता. आजही आम्ही प्रत्येक आस अल्ट्रासोनिकने तपासतो. पालमला त्या दिवशी कॉमेटची वाट पाहत जे नातेवाईक उभे असतील, त्यांच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं मला सापडलं नाही.

आता आपलं तेजस. ४ जानेवारी २००१ ला पहिल्यांदा उडालं. त्याचा पंख डेल्टा आहे, म्हणजे ज्या समोशापायी टर्नर आणि क्लफ यांना ही सगळी उठाठेव करावी लागली तोच आकार. आणि तो कार्बनच्या धाग्यांचा आहे. धातूचा पत्रा सगळीकडून सारखा असतो, पण कार्बनचा कपडा धाग्याच्या दिशेने मजबूत आणि आडवा कच्चा. म्हणून एकावर एक थर घालायचे, कुठला थर सरळ, कुठला तिरपा, कुठला आडवा. मुळाशी जास्त, टोकाला कमी. आमच्याकडे ठरवायची असते एक जाडी. इथे प्रत्येक जागी किती थर, कुठल्या दिशेचे आणि कुठल्या क्रमाने, सगळंच ठरवायचं. गोधडी शिवताना आजी जिथे जास्त घासलं जाणार तिथे जुन्या लुगड्याचा एक पदर जास्त घालायची, तसं. पण हजारो चौकोनांत हे ठरवणं संगणकाशिवाय अशक्य. माझी मुलगी परवा असाच एक छोटा पंख सोडवत होती. रात्री दोनला उठून बघितलं तर संगणक एकटाच चालू होता, आणि ती टेबलावर डोकं ठेवून झोपली होती. पंखाचं वजन पडद्यावर हळूहळू उतरत होतं. मी तिला उठवलं आणि विचारलं, “फ्लेक्स घातलास का?” तिला कळलं नाही. मग मी ही कमानीची गोष्ट तिला पहिल्यांदा पूर्ण सांगितली. कमान पडली हे तिला माहीत होतं, पण अडीच तास आधी आपण कुठे उभ्या होतो ते तिला माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही. सकाळी पाहिलं तर तिने वाऱ्याच्या आणखी चार दिशा घालून सगळं परत चालू केलं होतं.

बोलणं पुरे. बाहेर पेढ्यांच्या टेबलाशेजारी लाकडी चौकटीत एक पंख बसवून ठेवला आहे. दोन फुटांचा, थर्मोकोलच्या फासळ्या, आइसक्रीमच्या काड्यांचे कणे, वर कार्डशीट. कॉलनीतल्या सात मुलांनी बनवला आहे. तो उलटा बसवला आहे, म्हणजे वरून वजन ठेवलं की उडताना येईल तसा जोर येईल. वाळूच्या पाव-पाव किलोच्या पिशव्या तिथेच आहेत. तो किती वजनाला मोडेल, याचे दोन अंदाज कागदावर लिहून बंद पाकिटात अध्यक्षांकडे दिले आहेत. एक मुलीच्या संगणकाचा, एक माझ्या हाताच्या गणिताचा. आरती झाली की मुलांनी एकेक पिशवी ठेवायची. मोठ्यांनी हात लावायचा नाही.

गणपती बाप्पा मोरया!

टीप : स्मरणिकेसाठी निकाल देत आहे. संगणकाचा अंदाज नऊ किलो, माझा आठ. पंख सहा किलोला मोडला. मोडला तो मुळाशी, जिथे कणा चौकटीला चिकटवला होता तिथे. मुलांनी तो सांधा त्याच सकाळी केला होता आणि आतला फेव्हिकॉल अजून ओला होता. टेंटवाला मागच्या खुर्चीत बसून सगळं पाहत होता. दुपारी तो पंखाजवळून गेला होता, तेव्हाच खजिनदार काकांना म्हणाला होता, “पांच-छह किलो, बस.” त्याचा अंदाज पाकिटात नव्हता, म्हणून बक्षीस देता आलं नाही. पेढे दिले.